सन 300 ला 60 लाख ख्रिस्ती: हा आकडा येतो कुठून?

जिज्ञासू
रोमन साम्राज्यात सन 300 च्या सुमारास 60 लाखांच्या आसपास ख्रिस्ती होते, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. यरुशलेममधल्या मूठभर लोकांपासून अडीचशे वर्षांत एवढी मजल कशी गेली? तेव्हा धर्मवार शिरगणती होत नव्हती, मग आकडा काढला कसा? आणि वाढीचं श्रेय ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनला द्यायचं की त्याआधी झालेल्या ख्रिस्तींच्या छळाला?

गणकयंत्र
हा आकडा मोजलेला नाही, बसवलेला आहे. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी सन 40 ला 1,000 ख्रिस्ती धरले आणि दर दहा वर्षांना 40 टक्के वाढ लावली. दर दशकाला 1.4 ने गुणत गेलं की सन 100 ला साधारण 7,500 येतात, सन 200 ला 2 लाख 18 हजार, सन 250 ला 11 लाख 70 हजार आणि सन 300 ला 63 लाख. वर्षाला हे जेमतेम साडेतीन टक्के, म्हणजे तीस जणांच्या मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) वर्षाकाठी एकाची भर. त्यासाठी गावंच्या गावं एकदम धर्मांतरित व्हायला नकोत.

गोम अशी की साम्राज्याची लोकसंख्या 6 कोटी धरून शेवटी दहा टक्के यावेत, असाच दर निवडला आहे. सुरुवातीचे 1,000 हेही गृहीतच; बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एकट्या यरुशलेममध्ये 3,000 आणि पुढे 5,000 असे आकडे आहेत. हाच दर सन 400 पर्यंत ताणला तर 18 कोटी येतात, लोकसंख्येच्या तिप्पट! वाढीचा वेग कुठेतरी मंदावणारच, ते या सूत्रात नाही.

शिवाय सरासरीत प्रदेश हरवतात. सन 112 च्या सुमारास बिथिनिया-पोंतसचा (आजच्या उत्तर तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोण शहरांतच नव्हे, खेड्यांतही पोचलंय, देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं. त्या काळातल्या ब्रिटनमधून असा कुठलाच पुरावा मिळत नाही.

खापराचे_तुकडे
गणित ठीक, पण तो एकतिसावा माणूस येत कसा होता ते पाहायला हवं. बहुतेक वेळा घरातून आणि धंद्यातून. ग्रीसमधल्या करिंथमध्ये धर्मप्रचारक पौल हा अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे उतरला, कारण तिघांचाही धंदा राहुट्या करण्याचा. फिलिप्पैमध्ये जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाचा घराण्यासकट बाप्तिस्मा झाला. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपस इथे तर मंडळी जमायची असं घरच सापडलंय: दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं मावतील एवढा दिवाणखाना केला आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं. सन 256 च्या वेढ्याआधी तटबंदी भक्कम करताना ते मातीखाली गाडलं गेलं, म्हणून भिंतींवरची चित्रं वाचली.

आलेला माणूस टिकत का होता, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता इथली जप्तीची यादी. सम्राट डायोक्लिशनच्या ख्रिस्तीविरोधी हुकमावरून 303 च्या मे महिन्यात अधिकारी मंडळीच्या घरात शिरले. सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा प्याले मिळाले, पण त्यासोबत बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांच्या पायताणांचे 47 जोड आणि पुरुषांचे 13. हा वाटपाचा साठा असावा. 251 मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस लिहितो की त्याच्या मंडळीत 46 वडील (म्हणजे धर्मगुरू) आहेत आणि 1,500 हून अधिक विधवा व गरजूंचं पोषण होतं.

जिज्ञासू
म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या आधीच पाया पक्का होता. मग छळाने वाढ झाली हे म्हणणं?

पपायरस
अर्धवट खरं. पहिली दोन शतकं छळ स्थानिक आणि तुटक होता; ट्रेजनचं उत्तरच होतं की यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. साम्राज्यभर सक्ती झाली ती सम्राट डेसियसच्या काळात. प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, अधिकाऱ्यांसमोर मांस चाखायचं आणि दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये 250 सालचे असे चाळीसहून अधिक दाखले मिळालेत. मजकूर ठराविक: मी देवांना नेहमीच बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, सही करा. ख्रिस्ती लोकांनी ठाम नकारच दिला असं झालं नाही. कित्येकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला.

डेसियस 251 मध्ये लढाईत पडला आणि ही माणसं मंडळीच्या दारात परत आली. त्यांना घ्यायचं की नाही यावर रोममध्ये फूट पडली. तिथला धर्मगुरू नोव्हेशियन ‘घ्यायचं नाही’ म्हणणारा. वर दिलेली 1,500 विधवा-गरजूंची यादी कॉर्नेलियसने त्याच्याच विरुद्धच्या पत्रात दिली आहे, आपली मंडळी केवढी मोठी हे ठसवायला. तो आकडा वापरताना हे ध्यानात असू द्या.