तिकडे टॅक्स कापला म्हणून इकडे सुटका नाही
एकांनी लिहिलंय की जर्मनीत टॅक्स कापलाय तर तो पगार इकडे भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचा नाही. अहो, असं करू नका! आधी त्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता ते मोजा, १८२ किंवा जास्त भरले तर तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट (इथले रहिवासी). मी हिंजवडीतून नोव्हेंबर २०२२ ला सहा महिन्यांसाठी म्युनिकला गेलो, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर इथेच, १८२ दिवस केव्हाच पार, त्यामुळे त्या वर्षी रेसिडेंटच राहिलो आणि तिकडची कमाईही इथे दाखवावी लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला गेलो असतो आणि मार्च संपेपर्यंत परतलो नसतो तर नॉन-रेसिडेंट (पण कंपनी आपल्याला विचारून थोडीच पाठवते).

दोन देशांच्या करारामुळे तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो इथल्या टॅक्समधून वजा होतो, पण दोन्हीकडच्या टॅक्सपैकी जो कमी तेवढंच, जर्मनीत जास्त कापला असेल तर वरचे पैसे विसरा. या क्रेडिटसाठी त्या वर्षी फॉर्म ६७ भरावा लागत होता. माझा सीए नेमका तोच विसरला, नोटीस आली आणि कोथरूडला त्याच्या ऑफिसात चार चकरा झाल्या. युरोचा रेटही गुगलवरचा चालत नाही, टॅक्स कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) लागतो. आणि जर्मनीचं वर्ष जानेवारी-डिसेंबर, आपलं एप्रिल-मार्च, तेव्हा दर महिन्याची सॅलरी स्लिप जपून ठेवा.