रोहू-कटल्याचा मातकट वास: धुण्यानं जातो की कापण्यानं?

खवलेकाटे (इंदूर)

घरोघर सांगितलं जातं की तुकड्यांना हळद-मीठ चोळून अर्धा तास ठेवलं की गोड्या पाण्याच्या माशाचा मातकट वास जातो. माझं ठाम मत आहे की तो जात नाही. उलट त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर जे करायला हवं तेच राहून जातं.

मुळात तो वास चिखलाचा नाहीच. तळ्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि तळाच्या गाळातले काही जिवाणू जिओस्मिन आणि एमआयबी नावाचे दोन पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा वास आणि बिटाची मातीसारखी चव, दोन्ही जिओस्मिनचीच. एका लिटर पाण्यात 10 नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. मासा ते मुख्यतः कल्ल्यांतून ओढून घेतो आणि रक्तावाटे ते चरबीत जाऊन बसतं. आत शिरायला काही तास पुरतात, बाहेर पडायला कित्येक दिवस लागतात.

मिठानं बुळबुळीतपणा निघतो, रक्ताचं पाणी सुटतं, मांस घट्ट होतं. तिन्ही कामं चांगलीच आहेत, पण चरबीत मुरलेल्या वासापर्यंत मीठ पोचत नाही. म्हणून चरबी जिथे आहे तिथे सुरी चालवा. सव्वा किलोचा रोहू घेतला तर दोन्ही बाजूंचं मांस सोडवून कातडी काढायला सांगा. सोललेल्या बाजूला मधोमध एक तांबूस-तपकिरी पट्टा दिसतो, कल्ल्यांकडे बारीक आणि शेपटीकडे रुंद होत गेलेला. सुरी तिरपी धरून त्याच्या दोन्ही अंगांनी छेद दिला की पट्टा पन्हळीसारखी खाच सोडून निघून येतो. पोटाकडची पातळ, चरबीदार पाळही दोन बोटं कापून टाका. मासा थोडा कमी भरेल, पण जो उरेल तो खाण्याजोगा असेल.

चिंचगूळ (इंदूर)

मिठाबद्दल मान्य. पण आंबटाचं तुम्ही नावसुद्धा घेतलं नाहीत, तिथे माझा आक्षेप आहे. जिओस्मिन आम्लात टिकत नाही. त्याच्यातला पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि जो पदार्थ उरतो, आर्गोस्मिन, त्याला वास नसतो. हे वास झाकणं नव्हे, वासाचा पदार्थच बदलणं आहे. गोड्या पाण्याच्या माशाला आपल्याकडे ताक, चिंच, कैरी, लिंबू लावतात ते उगाच नाही.

किलोभर तुकड्यांना दोन वाट्या चांगलं आंबट ताक किंवा दोन मोठी लिंबं, अर्धा तास. यापेक्षा जास्त ठेवलं तर मांस भुसभुशीत होतं आणि तव्यावर तुकडा मोडतो.

दुधाची गोष्ट वेगळी आहे. समुद्राच्या शिळ्या माशाला जो उग्र वास येतो त्याला दूध थोडंफार धरून ठेवतं. तो वास मुळात दुसऱ्याच पदार्थाचा आणि रोहू-कटल्यात तो फारसा नसतो. तेव्हा इथे दूध लावणं म्हणजे दूध वाया घालवणं.

खवलेकाटे

रसायनशास्त्र बरोबर आहे, चिंचगूळ, पण ते तुकड्याच्या आत किती पोचतं ते पाहा. लिंबू लावून अर्धा तास ठेवलेला तुकडा न शिजवता मधून चिरा. कडेला पांढरट, अपारदर्शक झालेली बारीक किनार दिसेल आणि आतलं मांस जसंच्या तसं, ओलसर आणि काचेसारखं. आंबट जिथवर पोचलं तिथवरच ती किनार. बाजारात तुकडे दोन-अडीच सेंटिमीटर जाड करून मिळतात, त्यांच्या गाभ्याला लिंबाचा पत्ताही लागत नाही. आणि घरातलं लिंबू-ताक हे सौम्य आम्ल. प्रयोगशाळेतल्या तीव्र आम्लाचा झटपट परिणाम त्याच्याकडून कसा मिळेल?

चिंचगूळ

किनारीचा मुद्दा पटला. पण त्यातून निघतं ते एवढंच की नुसतं मुरवण्यावर थांबू नये, आंबटात शिजवावं. उष्णता आणि आम्ल एकत्र आलं की काम वेगानं होतं, आणि शिजताना रस आतवर जातो.

अर्धा किलो तुकडे, जाडी दीड सेंटिमीटरच्या वर नको. मध्यम लिंबाएवढी चिंच दीड वाटी कोमट पाण्यात कोळून घ्या. फोडणीत लसूण, मेथीचे चार दाणे आणि वाटण परतून आधी कोळ घाला आणि त्याला पाच मिनिटं उकळू द्या. तुकडे त्यानंतर, मंद आचेवर बारा मिनिटं. झाकण ठेवायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. जिओस्मिन आणि एमआयबी हे दोन्ही पदार्थ वाफेबरोबर उडून जाणारे आहेत. झाकण ठेवलं की वाफ झाकणाला लागून परत आमटीत पडते आणि वासही परत येतो. केळीच्या पानात बांधून वाफवलेला रोहू सगळ्यांत मातकट लागतो तो याच कारणानं.

तिघराकाठ (ग्वाल्हेर)

कातडी काढायला माझा साफ विरोध आहे. रोहू, कटला, नरेन (मृगळ) या माशांत इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे मांसभर पसरलेले असतात. कातडी असली की तुकडा एकसंध राहतो आणि काटे जागच्या जागी सापडतात. सोललेला रोहू बारा मिनिटं आमटीत ठेवा, तळाशी मांसाचा लगदा आणि त्यात सुटे काटे मिळतील. घरात लहान मुलं असतील तर हे मातकटपणापेक्षा मोठं संकट.

आणि ज्याला सगळे मातकट म्हणतात त्यातला बराचसा वास अर्धवट साफ केलेल्या माशाचा असतो. पोट रिकामं केल्यावर पाठीच्या कण्याला लागून एका पातळ पडद्याखाली गडद लाल, जवळजवळ काळी पट्टी दिसते. लोक त्याला साकळलेलं रक्त समजतात, पण ते माशाचं मूत्रपिंड आहे. बाजारात शंभरातल्या नव्वद माशांत ते तसंच सोडलेलं असतं. सुरीच्या टोकानं पडदा लांबीला चिरा आणि वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशनं घासा, कण्याचे मणके पांढरे दिसेपर्यंत. ग्रास कार्पच्या पोटाला आतून काळं अस्तर असतं, ते खडे मीठ आणि फडक्यानं ओढून काढायचं. डोकं ठेवणार असाल तर दोन्हीकडचे कल्ले मुळासकट काढा. कल्ले तसेच ठेवून केलेलं कटल्याच्या डोक्याचं कालवण कितीही चिंच घाला, गाळाचंच लागणार.

एक सावधगिरी. पित्ताची हिरवट पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाका, नाहीतर कडूपणा सगळीकडे पसरतो. काही लोक औषध म्हणून ती पिशवी गिळतात. रोहू आणि ग्रास कार्पचं पित्त मूत्रपिंडं निकामी करू शकतं आणि शिजवल्यानंही ते विष जात नाही.

जाळंवजन (इंदूर)

तुम्ही तिघंही स्वयंपाकघरात भांडताय, निकाल मात्र बाजारात लागलेला असतो. तीच रोहू नर्मदेच्या वाहत्या पाण्यातली असेल तर हे काहीच करावं लागत नाही. शेणखत टाकलेल्या उथळ गावतळ्यातली असेल तर सगळं करूनही थोडा वास राहतोच. खतामुळे पाण्यात फॉस्फरस वाढतो, त्यावर निळी-हिरवी शेवाळं माजतात. त्यात ऊन आणि साचलेलं पाणी. म्हणून मे-जूनमध्ये, पाणी आटून हिरवं झालेलं असताना, वास सर्वांत जास्त. डिसेंबर-जानेवारीत मोठ्या जलाशयातला मासा, इंदिरा सागर किंवा गांधी सागरचा, बहुतेक वेळा स्वच्छ लागतो.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. बंदी योग्यच आहे आणि ती पाळली जायला हवी. पण त्या दोन महिन्यांत मच्छी बाजारात जे येतं ते बहुतेक छोट्या तळ्यांतलं किंवा आंध्रातून बर्फात आलेलं. तेव्हा कुठला मासा आहे हे विचारूनच घ्या.

घरी आणल्यावर एक चाचणी करा. शेपटीकडचा लाडवाएवढा तुकडा, मीठ-हळद काहीही न लावता, घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा उकळत्या पाण्यात आठ मिनिटं ठेवा. झाकण उघडताक्षणी नाक जवळ न्या. पहिल्या वाफेत जो वास येईल तोच खरा, कारण दहा-वीस सेकंदांत नाक त्याला सरावतं. काहीच आलं नाही तर कातडीसकट तळा, तिघराकाठ यांच्या पद्धतीनं साफ करून. हलका आला तर चिंच. भपकन आला तर खवलेकाटे म्हणतात तसं सोलणं आणि चिंच दोन्ही. अमेरिकेत तळ्यातला कॅटफिश बाहेर काढण्याआधी जाणकार असाच तुकडा मायक्रोवेव्हमध्ये शिजवून चाखतात आणि नापास झालं तर त्या तळ्यातले मासे काढणं काही दिवस थांबवतात.

मातकट मासा घातक नसतो, एवढं मात्र सांगायला हवं. रॉकेलचा किंवा सांडपाण्याचा वास आला तर तो वेगळा मामला, मासा सरळ टाकून द्यायचा.

पाटपाणी (इंदूर)

जिवंत मासा आणून दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला तर? जुनी माणसं हौदात ठेवायची. यावर कुणीच बोललं नाही.

जाळंवजन

पाटपाणी, तत्त्व अगदी बरोबर. मत्स्यशेतीत वास घालवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे. घरी मात्र तीन अडचणी. रोहू-कटला सहसा जिवंत विकले जात नाहीत, कारण पाण्याबाहेर ते टिकत नाहीत. जिवंत मिळतात ते मरळ, देशी मांगूर अशा हवेतून श्वास घेणाऱ्या जाती. (थाई मांगूर घेऊ नका, त्यावर 2000 सालापासून देशात बंदी आहे.) दुसरं, नर्मदेकाठच्या जलूदहून इंदूरला येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाचे कल्ले जाळतं, म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरायचं. तिसरी अडचण सर्वांत मोठी. हौदाच्या भिंतींवर हिरवा थर असेल आणि पाणी तेच राहिलं, तर हौदच नवा वास देतो. दोनशे लिटरच्या घासलेल्या पिंपात दोन किलोपेक्षा जास्त मासा नको, खायला काही घालायचं नाही, रोज पाणी पूर्ण बदलायचं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत फरक पडतो. थंडीत माशाच्या शरीराची सगळी कामं मंदावतात, तेव्हा जास्त दिवस लागतात.

खवलेकाटे

डब्याची चाचणी उत्तम, तिच्यामुळे सरसकट कातडी काढायची गरज उरत नाही हे मान्य करतो. पण तिघराकाठ, मूत्रपिंड घासून मांसातला वास जातो हे काही पटत नाही. चरबीतला वास चरबीतच राहतो.

तिघराकाठ

तो जातो असं मी म्हटलंच नाही. दोन वास एकात एक मिसळलेले असतात, त्यातला एक माझ्या ब्रशनं जातो, मग उरलेल्यासाठी किती कापायचं ते नीट ठरवता येतं. शेपटीकडच्या चार-पाच तुकड्यांची कातडी आणि पट्टा काढा, माझी हरकत नाही. तिथे पट्टा रुंद असतो. पण मधल्या तुकड्यांची कातडी ठेवा, आणि त्यांना तळण्याआधी बेसन नको, नुसता जाड रवा लावा. बेसनाचं जाड कवच वाफ आत कोंडतं, रव्याच्या फटींतून ती बाहेर पडते. तेल चांगलं तापलेलं हवं, चिमूटभर रवा टाकला की लगेच वर यायला हवा, आणि कढईत एका वेळी चारच तुकडे.

चिंचगूळ

रव्याशी सहमत. त्या रव्यात अर्धा चमचा आमचूर घाला.