मदत हवी आहे: पहिल्यापेक्षा दुसरा भाग सरस, अशा सिनेमांच्या जोड्या सुचवा (मराठी असेल तर आधी सांगा)

मंडळी,

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आलाय आणि सिनेमे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शनिवारी पहिला भाग, रविवारी दुसरा, असं ठरलंय. दुसरा भाग पहिल्याच्या तोडीस तोड हवा, वरचढ असेल तर सोन्याहून पिवळं. प्रेक्षकांत सातवी-आठवीची पोरं आहेत आणि सत्तरी ओलांडलेले काकाही.

नुसतं 'पुढे काय झालं' सांगणारा भाग नकोय. तीच पात्रं घेऊन वेगळाच प्रश्न मांडणारा हवा. उदाहरणार्थ 'टॉय स्टोरी'. पहिला (१९९५) म्हणजे मुळात दोन खेळण्यांचं भांडण. दुसरा (१९९९) आधी थिएटरमध्ये येणारच नव्हता, थेट व्हिडिओवर काढायचा बेत होता. पण त्यात वुडी या काउबॉय खेळण्याला कळतं की आपण दुर्मीळ वस्तू आहोत आणि आपली रवानगी जपानच्या संग्रहालयात होणार आहे. मग काचेआड कायम शाबूत राहायचं, की आपल्या छोट्या मालकाकडे, अँडीकडे परत जायचं, जो चार वर्षांनी मोठा होऊन आपल्याला विसरणारच आहे? मुलांच्या सिनेमात हा प्रश्न! जेसी या बाहुलीची मालकीण तिला हळूहळू विसरत जाते ते गाणं लागलं की पोरं चिप्स खात असतील आणि मागच्या रांगेतले आईबाप डोळे पुसत असतील. ही जोडी पक्की.

'टर्मिनेटर'ची अडचण वेगळी आहे. पहिल्या भागात (१९८४) जो यंत्रमानव मारायला येतो, त्यालाच जेम्स कॅमेरॉनने दुसऱ्यात (१९९१) पोराचा रखवालदार केलं. पहिल्यात घाबरत पळणारी सेरा कॉनर, म्हणजे त्या पोराची आई, दुसऱ्यात मनोरुग्णालयाच्या खोलीत पुल-अप्स काढताना दिसते; ती मधल्या काळात कशातून गेली असेल ते तेवढ्यावरून कळतं. माझ्या मते दुसरा निर्विवाद सरस. पण पहिल्यातली काही दृश्यं मुलांसमोर लावता येणार नाहीत. पहिला न बघता थेट दुसरा लावला तर समजेल का? तसा कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

हिंदीत 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मी डोळे मिटून घेतला असता, पण समितीतल्या एका काकांचा आक्षेप की हा दुसरा भागच नव्हे. पहिल्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधल्या मेडिकल कॉलेजचं नाव नाही, बोमन इराणी आधी डॉक्टर अस्थाना होते ते थेट लकी सिंग झाले. मुद्दा बरोबर आहे, तरीही मी लावणार. मुन्ना-सर्किट तेच आहेत ना!

'दृश्यम'वर मत हवंय. हिंदीतला पहिला (२०१५) आपल्या निशिकांत कामतांचा. ते २०२० साली गेले, दुसरा (२०२२) अभिषेक पाठकने केला. मल्याळममध्ये दोन्ही (२०१३ आणि २०२१) जीतू जोसेफचेच, त्यामुळे नायक जॉर्जकुट्टीची (मोहनलाल) भीती दुसऱ्या भागात सलग पुढे आल्यासारखी वाटते. सबटायटल वाचायला ज्येष्ठ मंडळी कुरकुर करतील, पण मोहनलालसाठी करू द्यावी का? (प्रतिसादात शेवट फोडू नका, २ ऑक्टोबरला काय झालं हे माहीत नसलेले दोघेतिघे अजून आहेत म्हणे.)

आता खरी अडचण मराठीची. 'झपाटलेला' (१९९३) लावला तर हॉल भरेल, पण २०१३ चा दुसरा भाग थ्रीडी असूनही लक्ष्याविना सुना वाटतो. तात्या विंचू आहे, पण ज्याची तंतरते आणि आपण हसतो तो माणूसच नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग (२०१५) घरी सगळ्यांना आवडतो, मला नाही. पहिल्यात (२०१०) दोनच माणसं दिवसभर पुण्यात फिरत एकमेकांना टोमणे मारतात, आणि तेवढ्यावर सिनेमा उभा राहतो. दुसऱ्यात लग्नघर शिरलं. गंमत आहे, पण ती लग्नघराची. 'टाईमपास'चं सांगू नका, त्यावर घरात आधीच वाद झालेत. याखेरीज मराठीत दुसरा भाग सरस ठरलेला सिनेमा आहे का? जुना, कृष्णधवल असला तरी चालेल.

रिमेक आणि सुपरहिरोंच्या वीस-वीस भागांच्या मालिका कृपया नकोत. 'द डार्क नाइट' मला आवडतो, पण तो सगळ्यांनी पाहिलाय.

ता. क. – 'गॉडफादर' सुचवणाऱ्या सगळ्यांचे आभार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला सीक्वेल तोच (१९७४), आणि तरुण व्हिटोच्या भूमिकेतला डी नीरो बघताना आपण ब्रँडोला विसरतो हे मलाही मान्य. पण दोन्ही मिळून सहा तासांच्या वर जातात, आणि आमचा हॉल रात्री दहाला बंद होतो.

'अपराजितो' मात्र आवडला प्रस्ताव. 'पथेर पांचाली'च्या पुढे अपू शिकायला कलकत्त्याला जातो आणि गावात एकटी उरलेली त्याची आई सर्वजया त्याची वाट बघत बसते. ज्यांची मुलं परदेशी आहेत अशी चार घरं आमच्याच विंगमध्ये आहेत, त्यांना तो कुठल्या कुठे लागेल. याला १९५७ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला हेही सूचनाफलकावर लिहीन. इंग्रजी सबटायटल चालवून घेऊ, पण कुणाकडे मराठी सबटायटलची फाईल असेल तर व्यक्तिगत निरोप करा.