'द वायर' थेट चौथ्या सीझनपासून पाहिली तर चालेल का?

मंडळी, मदत हवी आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या ड्रग्जच्या धंद्यावरची 'द वायर' ही मालिका पाहून संपवली, पण चौथा सीझन (२००६) काही डोक्यातून जाईना. शाळा सुरू व्हायच्या वेळी ड्रग्जवाल्या मार्लोची टोळी पोरांना कपड्यांसाठी नोटा वाटते. बाकीचे घेतात, मायकल तेवढा नाही म्हणतो, आणि नेमका तोच मार्लोच्या नजरेत भरतो! गोळीबारापेक्षा हेच जास्त अंगावर आलं.

हा सीझन दहावीतल्या भाच्याला दाखवायचाय. ताई म्हणते शिव्या फार आहेत, आणि आहेतच. आधीचे तीन न बघता त्याला कळेल का? मार्लो कोण, बोडी कोण, एवढं सांगून भागेल? की याच विषयावरची जरा कमी रक्तबंबाळ मालिका सुचवाल?