चर्चा: महिन्याचे पैसे विद्यार्थ्याच्या हाती एकरकमी द्यावेत, की पालकांच्या खात्यातूनच खर्च होऊ द्यावा?

बार्शीकर:
माझ्या ओळखीच्या काही पालकांनी बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांना पैसे पाठवणेच बंद केले आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’ या सोयीमुळे पालक आपल्याच खात्यातून मुलाला खर्चाची मुभा देऊ शकतात. पूर्ण मुभा दिली तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची कमाल मर्यादा असते. नाहीतर प्रत्येक व्यवहार पालकांनी मंजूर केल्यावरच पुढे जाईल, अशी व्यवस्था करता येते. वृद्ध आईवडिलांसाठी ही सोय उत्तम आहे, परंतु वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ती वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझा मुलगा जुळे सोलापुरात खोली घेऊन राहतो. एक तारखेला संपूर्ण रक्कम त्याच्या खात्यावर जमा होते आणि पुढच्या एक तारखेपर्यंत दुसरी रक्कम मिळत नाही. दवाखाना आणि परीक्षा शुल्क एवढेच त्याला अपवाद आहेत. समजा ७,००० रुपये दिले आणि खोलीचे २,००० व मेसचे २,८०० पहिल्याच दिवशी चुकते केले, तर उरलेल्या २,२०० रुपयांत, म्हणजे आठवड्याला साधारण ५०० रुपयांत भागवायचे, हे गणित त्याचे त्यालाच मांडावे लागते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर किती खर्च करायचा आणि त्याच महिन्यातल्या झेरॉक्सचे व प्रकल्पाच्या साहित्याचे पैसे कशातून उभे करायचे, हा निर्णय माझ्या मंजुरीवर अवलंबून राहिला, तर तो निर्णय घ्यायला शिकणार केव्हा?

यंत्रमाग:
बार्शीकर, आपला विचार चांगला आहे, परंतु तो महिन्याला पगार येणाऱ्या घराचा विचार आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मागावरच्या कामगाराला मजुरी आठवड्याला मिळते आणि विडी वळणाऱ्या बाईची कमाई तिने किती विड्या वळल्या त्यावर ठरते. अशा घराने एक तारखेला ७,००० रुपये बाजूला काढायचे, तर भिशी उचलावी लागेल किंवा कोणाकडून तरी उसने आणावे लागतील. मुलांना शिस्त लागावी म्हणून आईबापांनी कर्ज काढायचे, हे मला मान्य नाही.

माझी मुलगी पुण्यात शिकते आणि माझ्याच खात्यातून खर्च करते. तिच्यावर पाळत ठेवावी हा त्यामागचा हेतू नाही. ज्या आठवड्यात काम कमी असते, त्या आठवड्यात मी तिला फोन करून तसे सांगतो आणि ती हात आखडता घेते. घरात पैसा कसा येतो हे तिला ठाऊक आहे, आणि माझ्या मते एक तारखेला आयती रक्कम मिळणाऱ्या मुलापेक्षा तिला पैशाचे मोल अधिक कळते.

वसतिगृहातून:
यंत्रमाग काका, मी सोलापुरातच एका वसतिगृहात राहून बी. कॉम. करते. हेतू पाळतीचा नसला, तरी व्यवहार दिसतातच. सॅनिटरी पॅडपासून मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या केकपर्यंत प्रत्येक खर्च वडिलांच्या मोबाइलवर उमटतो, म्हणून कितीतरी मुली मैत्रिणीला पैसे भरायला लावतात आणि नंतर तिला रोखीने परत करतात. त्यामुळे वडिलांना दिसणारा हिशेब अपुरा राहतो आणि मुलीचा स्वतःचा हिशेब तर कुठेच राहत नाही.

बार्शीकर काका, आपल्या नियमाबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटते. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा जमा झाली, मेसने आगाऊ पैसे मागितले, किंवा एखाद्याने खरोखरच उधळपट्टी केली आणि वीस तारखेला खाते रिकामे झाले, तर ‘एक तारखेपर्यंत काही नाही’ हे ठाऊक असलेला मुलगा घरी फोन करत नाही. तो मोबाइलवर कर्ज देणारे ॲप उघडतो. ही गोष्ट पालकांना कळते ती वसुलीचे फोन सुरू झाल्यावर.

निवृत्त रोखपाल:
या मुलीचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चासह सर्व अटींचे विवरणपत्र आधी द्यावे लागते, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यावरच जमा करावी लागते, आणि ॲपने मोबाइलमधील संपर्क यादी किंवा फोटो यांना हात लावायचा नसतो. जे ॲप संपर्क यादी मागते, त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. क्रेडिट कार्डाचेही तसेच आहे. अनेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे १०,००० रुपये थकले तर ३५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये, असे एका महिन्याला ४१३ रुपये जातात. बार्शीकरांच्या मुलाचा जवळजवळ एका आठवड्याचा खर्च! किमान रक्कम भरत राहिल्याने विलंब शुल्क टळते, पण उरलेल्या रकमेवरचे व्याज थांबत नाही.

म्हणून नियम ठेवावा, पण घरून उचल घेण्याची वाट मोकळी ठेवावी आणि ती रक्कम पुढच्या महिन्यातून कापावी. व्याज नको आणि बोलणीही नकोत. खाते मात्र विद्यार्थ्याचे स्वतःचे असावे. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, त्यामुळे गरीब घरालाही ते परवडते.

बार्शीकर:
उचलीची सूचना मी स्वीकारतो, कारण पुढच्या महिन्यातून कापल्यावर हिशेब पुन्हा त्याच्यावरच येतो. मात्र उचल महिन्यातून एकदाच आणि रकमेला मर्यादा असावी. नाहीतर ठरलेली रक्कम हा केवळ बोलण्यापुरता आकडा राहील. यंत्रमाग यांना माझी विनंती आहे की त्यांनी महिन्याला नव्हे तर आठवड्याला, पण मुलीच्या खात्यावर पैसे पाठवावेत. आठवड्याची रक्कम जुळवण्यातही तोच निर्णय असतो.

यंत्रमाग:
मुलीच्या खात्यावर पाठवायला माझी हरकत नाही. वसतिगृहातून लिहिणाऱ्या मुलीने जे सांगितले, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. माझा विरोध ठरलेल्या आकड्याला आहे आणि तो कायम आहे. खोलीभाडे आणि मेस यांची रक्कम मी भिशीच्या पाळीशी जुळवून आधी बाजूला काढेन, कारण त्यात कमीजास्त होत नाही. वरखर्चाला या आठवड्यात ६०० आणि पुढच्या आठवड्यात २०० मिळतील, आणि कोणत्या आठवड्यात किती हे मी तिला मजुरी हाती आल्यावरच सांगू शकेन. ज्या घराला स्वतःच्याच पुढच्या आठवड्याचा आकडा ठाऊक नाही, त्या घराने मुलीला खोटा भरवसा देऊ नये, असे मला वाटते.

वसतिगृहातून:
काका, मग पहिल्या ६०० मधले २०० ती पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवेल. पैसे तिच्या खात्यावर असतील, तरच तिला ते राखता येतील.