फुटीर, फितूर की बंडखोर?

डिचोलीहून :
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी पक्षबदलांवर टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. पैसे घेऊन निष्ठा बदलणाऱ्या खासदार-आमदाराला नेमकं काय म्हणायचं? पेपरात 'फुटीर' छापतात, सभेत 'गद्दार' म्हणतात, आमच्या तिठ्यावर 'उडी मारली' एवढ्यावर भागतं. 'लाचखोर' म्हटलं की पक्ष निसटतो आणि 'पक्षबदलू' म्हटलं की पैसे. दोन्ही सांगणारा एक शब्द आहे का?

म्हापशाहून :
आयाराम-गयाराम! १९६७ साली हरियाणाचे आमदार गयालाल पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून गेले, तेव्हापासून चालू आहे.

डिचोलीहून :
तो आहेच, भाऊ. पण त्यात नुसती ये-जा दिसते, देणंघेणं नाही. शिवाय ऐकून हसू येतं, राग येत नाही.

फोंड्याहून :
तुम्हाला हवा तो शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत कधीपासून पडून आहे : फितूर. मूळ अरबी, अर्थ ढिलाई, बिघाड. मराठीत आल्यावर तो किल्ल्यांच्या राजकारणात शिरला. किल्लेदार फितूर झाला म्हणजे तो पलीकडे मिळाला, आणि फुकट मिळाला नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. आजही कोर्टाच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर' असं छापून येतं. तिथेही पैशाचा उल्लेख नसतो, पण शंका त्याच दिशेला जाते.

आता क्रियापदं पाहा. फितणे आणि फितवणे अशी जोडी आहे. कोणी फितला म्हटलं की फितवणारा कोण, हा प्रश्न मागोमाग येतो. फुटणे-फोडणे हीही जोडीच, पण वापर बघा. मडकं फुटतं, पेपर फुटतो, बातमी फुटते, मतं फुटतात. सगळं आपोआप झाल्यासारखं. 'आठ आमदार फुटले' हा मथळा वाचताना कर्ता कुठेच दिसत नाही. 'आठ आमदार फोडले' लिहा, लगेच कोणीतरी हातोडी घेऊन उभा राहतो. माझ्या मते टिपणात शब्द कोणता वापरता यापेक्षा क्रियापद अकर्मक ठेवता की सकर्मक, याला जास्त महत्त्व आहे.

'घोडेबाजार' मात्र टाळा. तो इंग्रजीतल्या हॉर्स ट्रेडिंगवरून आला. तिकडे त्याचा अर्थ चिवट घासाघीस असाही होतो, आपण त्याला सरळ खरेदी-विक्री करून टाकलं. आणि त्यात घोड्याची बदनामी होते ती वेगळीच.

मडगावहून :
फोंड्याच्या सरांशी सहमत, पण कायद्याच्या बाजूने थोडी भर. फितूर या शब्दात जे दोन दोष एकत्र आहेत, ते कायद्याने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले आहेत. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आलं. पक्ष सोडणाऱ्याचं सदस्यत्व त्याने जातं. ते पक्ष सोडणं पाहतं, पैशाबद्दल काही विचारत नाही. पैशाचं काम लाचलुचपतीच्या कायद्याचं, आणि संसदेच्या दाराशी तो बरीच वर्षं अडला.

जुलै १९९३मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी सरकारच्या बाजूने मत देण्यासाठी लाच घेतल्याचा खटला झाला. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला, की अनुच्छेद १०५ प्रमाणे सभागृहातल्या मताबद्दल खासदारावर खटला चालत नाही, म्हणून लाच घेऊन मत देणाऱ्याला संरक्षण. लाच घेऊन मत न देणाऱ्याला मात्र ते नाही! म्हणजे घेतलेल्या पैशाशी प्रामाणिक राहिलेला सुटला. हा निकाल सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी एकमताने मोडीत काढला. लाच घेतली की गुन्हा झाला, पुढे मत कसंही द्या. तो खटला सीता सोरेन यांचा, आणि १९९३च्या प्रकरणातले शिबू सोरेन त्यांचे सासरे.

'फुटीर'बद्दलही एक गोष्ट. १९८५च्या कायद्यात एक-तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट' मानून सूट होती. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती काढली. तेव्हा आज कायद्यात फूट नाही, उरलंय ते विलीनीकरण : दोन-तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असले तर सूट. पेपरातला फुटीर रद्द झालेल्या कलमावर जगतोय.

पेडण्याहून :
विलीनीकरण! हा शब्द गोव्यात असा वापरलेला पाहिला की आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून चमकतात. त्यांच्यासाठी विलीनीकरण म्हणजे १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल : गोवा महाराष्ट्रात की केंद्रशासित. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. ज्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने त्यासाठी रान उठवलं, त्याच्या तीनपैकी दोन आमदारांनी मार्च २०१९मध्ये मध्यरात्रीनंतर आपला गट भाजपात 'विलीन' केला. त्याच जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहांनी, सप्टेंबर २०२२मध्ये अकरापैकी आठांनी. प्रत्येक वेळी आकडा दोन-तृतीयांशांच्या रेषेवर कसा बेतलेला आहे ते बघा. असा हिशेब आपोआप फुटणाऱ्याला जमत नाही, हे फोंड्याच्या सरांना पुष्टी म्हणून.

म्हापशाहून :
आणि त्या २०२२वाल्यांनी निवडणुकीआधी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा, तिन्हीकडे पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. पुढे त्यांच्यातल्या दिगंबर कामत यांनी सांगितलं, देवाला विचारूनच निर्णय घेतला. देवाचा कौल, जनमताचा कौल, आणि किल्ला सोडणाऱ्याला शत्रू अभयाचा देई तोही कौलच. या शब्दावर वेगळी चर्चा काढा कोणीतरी.

डिचोलीहून :
मग मी सरळ 'फितूर' लिहू?

मडगावहून :
थांबा. पक्ष सोडला हे सगळ्यांना दिसतं. पैसे घेतले हे सिद्ध करावं लागतं. वर मोजलेल्या तिन्ही विलीनीकरणांत कोणावर लाच शाबीत झालेली नाही. व्यक्तीचं नाव घेऊन 'फितूर' लिहिलंत तर ते लाचेचा आरोप केल्यासारखंच. नावापुढे 'पक्ष सोडलेले आमदार' लिहा, पुराव्यांनी सांगता येईल तिथे 'फोडले' लिहा, आणि फितूर ठेवा प्रथेसाठी : फितुरी, फितवाफितवी.

पेडण्याहून :
आणि 'बंडखोर' अजिबात नको. आमच्याकडे तिकीट नाकारल्यावर अपक्ष उभा राहतो तो बंडखोर. तो निदान निवडणुकीआधी, मतदारांच्या समोर बाहेर पडतो.

डिचोलीहून :
आभार. फितवाफितवी घेतो. शीर्षकात बसेल, फक्त फळ्यावर जागा पुरायला हवी.