कुंडीतल्या मक्याला पाणी किती? सरळ रेषा बसत नाहीये

प्रश्न | हिरवीपाती

प्रकल्पासाठी मक्याच्या पाच कुंड्या लावल्यात. माती एकच, ऊन एकच, बी एकाच पाकिटातलं. फक्त रोजचं पाणी वेगवेगळं. महिन्याभरानंतरची उंची अशी:

50 मिली: 14 सेंमी
100 मिली: 22 सेंमी
150 मिली: 27 सेंमी
200 मिली: 28 सेंमी
250 मिली: 24 सेंमी

आलेखावर सरळ रेषा काढली की ती वरच जाते, म्हणजे पाणी वाढवलं की वाढ होणारच. पण 250 ची कुंडी तर पिवळी पडलीय. घरी सल्ला मिळालाय की ती कुंडी गाळ, रेषा छान बसेल. गाळू का? आणि रेषा नाही तर मग काय वापरू?

प्रतिसाद | कोनमापक

एक्सेलमध्ये ट्रेंडलाइनला (बिंदूंवर बसवलेल्या रेषेला) पॉलिनोमियल निवड, ऑर्डर 2 ठेव, म्हणजे रेषा वाकेल. दोन मिनिटांचं काम.

प्रतिसाद | वाफसा

गाळायचीच असेल तर ती रेषा गाळ. पाचांतली सगळ्यात बोलकी कुंडी तीच आहे.

एक्सेलला हात लावण्याआधी कागदावर नुसत्या वजाबाक्या कर. 50 वरून 100 वर गेलीस, उंची 8 ने वाढली. पुढच्या 50 मिलीने 5, त्यापुढच्या 50 ने 1, आणि शेवटच्या 50 ने उणे 4. म्हणजे 8, 5, 1, −4. प्रत्येक जादा पेला आधीच्यापेक्षा कमी कामाचा, आणि शेवटचा तर उलटा. सरळ रेषेचं म्हणणं असतं की प्रत्येक पेला सारखाच. तुझ्या आकड्यांतून निघणारी रेषा 17.8, 20.4, 23, 25.6, 28.2 असं सांगते. ताडून बघ: दोन्ही टोकांना ती खऱ्यापेक्षा जास्त सांगते, मधल्या तिन्ही ठिकाणी कमी. चुका अशा ओळीने एका बाजूला पडल्या की आकड्यांना वाक आहे आणि आपण तो दाबतोय, असं खुशाल समजावं.

आता वर्गसूत्र, म्हणजे एक्सेलमधलं तेच ऑर्डर 2. आकडे सुटसुटीत व्हावेत म्हणून स = (पाणी − 150) ÷ 50 धर, म्हणजे स ची मूल्यं −2 ते 2. लघुतम वर्गाच्या पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवून) येतं:

उंची = 27 + 2.6स − 2स²

यातून 13.8, 22.4, 27, 27.6, 24.2 मिळतात. तुझ्या मोजमापांना अगदी चिकटून. उतार शून्य, म्हणजे वक्राचा माथा, कुठे येतो? 2.6 − 4स = 0, म्हणजे स = 0.65, म्हणजे साधारण 182 मिली. प्रकल्पाचं उत्तर म्हणून एवढं चालेल, पण याच सूत्रात 400 मिली घालून बघ: उणे 10 सेंमी उंचीचा मका! सूत्र फक्त 50 ते 250 च्या आतलं बोलतं, बाहेर त्याला काडीची अक्कल नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. रोज ठराविक मिली हे मापच झाडाच्या कामाचं नाही. दोन पानांच्या रोपाला 150 मिली म्हणजे चैन, आणि महिन्याने तेच जेमतेम. शेताचा हिशोब करताना हवामानावरून संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (मातीतून आणि पानांतून मिळून उडणारं पाणी, ठराविक गवताच्या मापाने) काढतात आणि त्याला पीक गुणांकाने, म्हणजे त्या पिकाच्या त्या वयाच्या आकड्याने, गुणतात. मक्याचा गुणांक सुरुवातीला 0.3 च्या आसपास, भर वाढीत 1.2. चौपट! तुझी प्रत्येक कुंडी आधी तुंबली आणि नंतर तहानली असणार, फक्त कमीअधिक प्रमाणात. अंतिम उंचीत हे सगळं एकमेकांत मिसळून गेलंय.

दुसरं, मिली सोडून मिमीत बोल. कुंडीचं तोंड 20 सेंमी व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ 314 चौ. सेंमी, म्हणून 100 मिली म्हणजे 3.2 मिमी आणि 182 मिली म्हणजे 5.8 मिमी. पाऊस मिमीत, बाष्पीभवन मिमीत, मग आपलं पाणीही मिमीत. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, हेक्टरला 10,000 लिटर. कुंडी आणि शेत एका मापात येतात.

पुढचा प्रयोग तराजूवर कर. कुंडीला भरपूर पाणी दे, खालून ठिबकणं थांबेपर्यंत थांब, आणि मग वजन कर. हे झालं वाफशाचं वजन. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत कर. जितके ग्रॅम घटले तितके मिली पाणी उडालं (रोपाचं स्वतःचं वजन वाढतं, पण एका दिवसात ते नगण्य). वाफशाच्या वजनापेक्षा कुंडी जितकी हलकी तितकी तूट. मग हिशोब सरळ: आजची तूट = कालची तूट + आज उडालेलं − दिलेलं. तूट शून्याखाली गेली तर ते पाणी खालून वाहून गेलं असं धर. कुंड्यांचे गट मिलीवरून पाडू नकोस. एका गटात तूट भरून काढ, दुसऱ्यात निम्मी भर, तिसऱ्यात रोज तुटीच्या वर ओत.

250 पिवळी का, तर मुळांना श्वास लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो.

हिरवीपाती

म्हणजे तूट दुप्पट झाली तर वाढीतली घट पण दुप्पट? की इथेही वाक?

वाफसा

उत्पादनासाठी एक सरळ सूत्र प्रसिद्ध आहे, अन्न व कृषी संघटनेने 1979 मध्ये काढलेलं, डूरेनबॉस आणि कस्साम यांचं. उत्पादनातली टक्केवारी घट = गुणांक × बाष्पपर्णोत्सर्जनातली टक्केवारी घट. पूर्ण हंगामासाठी मक्याचा हा गुणांक (आधीच्या पीक गुणांकाहून वेगळा) 1.25, म्हणजे बाष्पपर्णोत्सर्जनात 20 टक्के तूट आली तर 25 टक्के फटका. पण तीच 20 टक्के तूट कोवळ्या वाढीत आली तर गुणांक 0.4, फटका 8 टक्के. फुलोऱ्यात आली तर 1.5, म्हणजे 30 टक्के. टक्केवारीत तूट तेवढीच, नुकसान जवळपास चौपट. म्हणून किती याच्या बरोबरीने कधी हेही समीकरणात लागतं. अर्थात हे दाण्यांबद्दल आहे. उंचीला हे गुणांक चिकटवू नकोस.

प्रतिसाद | चिठ्ठ्याटाक्या

सगळं खरं, पण प्रत्येक मात्रेला एकच कुंडी आहे ना? मग 27 आणि 28 मधला फरक पाण्याचा की बियाचा, हे कोणतंच सूत्र सांगणार नाही. 182 वगैरे म्हणू नका, "150 ते 200 च्या दरम्यान" म्हणा. प्रत्येक मात्रेला निदान चार कुंड्या हव्यात, आणि कुठली कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. खिडकीजवळच्या सगळ्या एकाच मात्रेच्या निघाल्या तर उन्हालाच पाणी समजून बसाल. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर हेच लावून धरलं होतं.

वाफसा

182 बद्दल मान्य, दरम्यानच लिही. चार कुंड्या हव्यात हेही.

हिरवीपाती

तीन गट, बारा कुंड्या, चिठ्ठ्या टाकून मांडते. स्वयंपाकघरातला तराजू 5 किलोपर्यंतचा आहे, 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो. चालेल?

वाफसा

चालेल. भरलेली कुंडी 5 किलोच्या आत बसते का ते लावण्याआधी बघ. वजन करताना खालची बशी काढून ठेव, आणि बशीत साचलेलं पाणी दिलेल्या पाण्यातून वजा कर.